मेलं न्हाई, गप हाय

दामूकाका बंद पडलेल्या कुठल्याही वस्तूला आधी 'हॅलो' म्हणायचे. मिक्सर असो, टॉर्च असो, नाहीतर कुणाच्या विहिरीवरची मोटार असो. आधी कान लावायचा, डोळे मिटायचे, दबक्या आवाजात "हॅलो" म्हणायचं आणि जरा थांबून निकाल द्यायचा, "मेलं न्हाई. गप हाय." एकदा ओतूरच्या स्टँडवर मढची एसटी सुरू होईना, तेव्हा त्यांनी बॉनेटला कान लावून तिलाही हॅलो म्हटलं. ड्रायव्हर म्हणाला, "काय काका, उचलला का कुणी?" काका गंभीरपणे म्हणाले, "उचललाय. बोलत न्हाई." गाडी शेवटी दहा माणसांच्या धक्क्यानं सुरू झाली, पण त्याचं श्रेय काकांनी कुणाला घेऊ दिलं नाही.

ही खोड त्यांना नोकरीतून लागलेली. टेलिफोन खात्यात तीस वर्षं ते लाइनमन होते. ओतूरपासून मढपर्यंतचे खांब त्यांच्याकडे. खांबावर चढायचं, कमरेचा टेस्टिंगचा फोन काढून त्याचे दोन चिमटे तारांना लावायचे आणि ओरडायचं, "हॅलो, ओतूर? मढ बोलतंय." रिटायर झाल्यावर फोन जमा करायची वेळ आली तेव्हा 'हरवला' असं लिहून दिलं म्हणे. तो हरवलेला फोन त्यांच्या दाराच्या आतल्या खुंटीवर रोज दिसायचा.

खांब केव्हाच उपटून नेले, पण काकांच्या डोक्यातले जागच्या जागी उभे होते. लग्नाला आलेल्या एका पाव्हण्याला त्यांनी पत्ता सांगितला, "सरळ जावा, छत्तीसच्या खांबाला डावीकडं वळा." तो बिचारा खांब मोजायला म्हणून निघाला आणि पार डिंगोऱ्यापर्यंत जाऊन आला. काकांना त्याचंच नवल वाटलं. मोबाईलला तर ते हातही लावत नसत. "खांब न्हाई, तार न्हाई, हे अधांतरी बोलणं आपल्याला न्हाई पटत राव."

मी मूळचा पिंपरी पेंढारचा. ओतूरला स्टँडच्या मागं दामूकाकांच्या भिंतीला लागून एक गाळा मिळाला, तिथं मी कॉम्प्युटर क्लास काढला. दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. पहिल्या दिवशी मी त्यांना राम राम घातला, त्यांनी जय भीम केला आणि आत येऊन माझ्या कोऱ्या कॉम्प्युटरला कान लावला. तो चालू आहे असं मी सांगत होतो. तरी त्यांनी हॅलो म्हटलंच.

त्या दिवसापासून त्यांचा एक नेम सुरू झाला. पाचची बॅच यायच्या आधी ते दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "मास्तर, नाव दिसतंय का बघ."

नाव म्हणजे त्यांच्या घरातल्या वायफायच्या डबीचं. माझ्या लॅपटॉपवर आजूबाजूच्या वायफायची यादी यायची, त्यात सगळ्यात वर इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'ओतूर ऐकतंय'. मी म्हणायचो, "दिसतंय काका." ते मान हलवायचे आणि घरी जायचे. बास, एवढंच.

आता मला सांगा, माणसाला कुतूहल वाटणार की नाही? काकांकडे कॉम्प्युटर नाही. मोबाईल नाही. काकू दीड वर्षापूर्वी गेलेल्या, घरात दुसरं माणूस नाही. बरं, ज्या टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट यायचं ती तारही रस्ता रुंद करताना खोदाईत तुटलेली. तीस वर्षं दुसऱ्यांच्या तारा जोडणाऱ्या माणसानं स्वतःची तार सहा महिने तशीच ठेवलेली. म्हणजे डबी चोवीस तास चालू, आत येत काही नाही, बाहेर जात काही नाही. नुसतं नाव. मी एकदा विचारलंही, "काका, ही डबी कशाला चालू ठेवलीय?" तर म्हणाले, "तुझा क्लास कशाला चालू हाय? पोरं तर गेमच खेळत्यात."

मग एकदा दोन-तीन दिवस नाव अधूनमधून दिसेनासं झालं. काका पाच वाजता यायचे ते सहापर्यंत हलायचे नाहीत. मला त्यांची दया आली आणि माझ्या अंगात शहाणपण संचारलं. म्हटलं, "आतला प्रोग्रॅम जुना झालाय. नवा टाकून देतो." कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवली, डबीत चढवली. डबी एकदा चमकली, एक दिवा लागला आणि तो तसाच राहिला. नाव गेलं.

डबी उलटी करून तळाचं स्टिकर वाचायचं मला सुचलं नव्हतं. मॉडेल तेच, पण ही दुसरी आवृत्ती होती आणि मी पहिलीची फाइल घातली होती. उतावळा नवरा म्हणतात तो मीच. काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी ओरडायला हवं होतं. ते ओरडले नाहीत. खुर्चीवर बसले आणि डबी मांडीवर घेतली.

"नवी आणून देतो, काका. अगदी हीच. आणि नाव मी तसंच टाइप करून देतो, दोन मिनिटांचं काम."

"तू टाइप करशील. पन ते तू टाइप केलेलं व्हईल." त्यांनी डबीला कान लावला. "हॅलो." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मेलं न्हाई. गप हाय. मास्तर, ह्यालाच बोलतं करायचं. आन नाव पुसायचं न्हाई."

मला खरोखर लाज वाटली. ज्या माणसानं हे नाव टाइप केलं होतं ते काकांना किती जवळचं असेल, हे न विचारताही कळलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्क्रू काढून डबी उघडली. हिरव्या पट्टीवर एका कोपऱ्यात ओळीनं चार भोकं होती, रिकामी. काकांचा चेहरा उजळला. "फुकट कोण भोकं पाडत न्हाई. आमच्या खांबावर बी अशी डबी असायची. गिऱ्हाइकासाठी न्हाई, लाइनमनसाठी. चिमटा लावायला."

मी इंटरनेटवर शोधलं तर म्हातारा बरोबर होता. त्या भोकांतून डबीशी थेट बोलता येतं. दिवे बंद असले, वायफाय बंद असलं, तरी सुरू होताना ती काय काय करतेय ते शब्दांत सांगत असते. फक्त तीन तारा लागतात. एक बोलायची, एक ऐकायची आणि एक जमिनीची. पण कॉम्प्युटरची तार सरळ जोडली तर जास्त दाबानं डबी जळेल. मधे मोबाईलची जुनी डेटा केबल घातली तर चालतं, असं कुणीतरी लिहिलं होतं. आळेफाट्याच्या मोबाईलच्या दुकानातून मी तसली केबल आणली. काकांनी ती निर्दयपणे कापली.

जोडलं. स्क्रीन काळा तो काळाच. काकांनी वाकून तारा पाहिल्या आणि कपाळावर हात मारला.

"मास्तर, बोलणारी बोलणारीला लावली व्हय? तोंडाला तोंड लावल्यावर भांडणच व्हनार. माझं तोंड तुझ्या कानाला पायजे, तुझं तोंड माझ्या कानाला."

तारा उलट केल्या आणि स्क्रीनवर अक्षरं धावली. कसलीही अक्षरं, चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं. मी हिरमुसलो. काका मात्र आनंदानं उठून उभे राहिले. "बोलतंय. म्हनलं नव्हतं? आता त्येच्या चालीनं ऐक, तुझ्या नको." आणि खरंच, वेग जुळायला हवा होता. मी एकेक वेग बदलत गेलो. पाचव्या की सहाव्या वेळी चौकोन गेले आणि स्वच्छ इंग्रजी ओळी आल्या. डबी सांगत होती, मी सुरू झाले, मेमरी तपासली, प्रोग्रॅम वाचतेय, प्रोग्रॅम चुकीचा आहे, पुन्हा सुरू होते. मग पुन्हा पहिल्यापासून तेच.

मी ते मराठीत सांगितल्यावर काका स्क्रीनकडं वाकले. "म्हंजी चार दिस हे बोंबलतंय. आन आपुन म्हनतो मेलं."

आता तिला मधेच अडवायचं होतं. वीज दिल्यावर दोन सेकंदांच्या आत कीबोर्डवरचं बटण दाबलं तर ती थांबून हुकूम घेते. काका विजेच्या बटणावर, मी कीबोर्डवर. काका दर वेळी वीज देताना हॅलो म्हणायचे आणि त्या हॅलोत माझे दोन सेकंद जायचे. सात-आठ वेळा चुकल्यावर मी म्हणालो, "काका, हॅलो नंतर म्हणा." ते दुखावले, पण ऐकलं. पुढच्याच वेळी ओळी थांबल्या आणि कर्सर लुकलुकायला लागला.

इंटरनेटवर लिहिलं होतं, आधी सगळी मेमरी पुसा, मग नवी फाइल भरा, सोपं पडेल. मी काकांकडं पाहिलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग मी दोन दिवस खपून दुसऱ्या आवृत्तीची फाइल मिळवली आणि मेमरीचा नकाशा शोधला. प्रोग्रॅम कुठून कुठपर्यंत, आणि शेवटच्या चिमूटभर जागेत ते नाव कुठं. प्रोग्रॅमपुरतंच लिहायचं, त्या चिमटीला हात लावायचा नाही. एक आकडा चुकला तर नाव गेलं, आणि लिहिताना वीज गेली तर डबीच गेली. आमच्याकडं तेव्हा लोडशेडिंगचं वेळापत्रक असायचं आणि वीज ते सोडून बाकी सगळ्या वेळीही जायची.

"सरकारी विजेवर इश्वास ठेवायचा न्हाई," काका म्हणाले. "आमचं एक्सचेंज कदी ठेवत नव्हतं." आणि शेजारच्या ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरी ते स्वतः उचलून घेऊन आले. डबी बॅटरीवर, माझा कॉम्प्युटर यूपीएसवर. मी तो आकडा तीनदा वाचला, काकांनी तो न कळता चौथ्यांदा वाचला आणि मी एंटर दाबलं. तीन मिनिटं आम्ही दोघंही स्क्रीनवरचे आकडे बघत राहिलो.

डबी पुन्हा सुरू झाली. एक दिवा, दोन दिवे, तिसरा लुकलुकला. मी लॅपटॉपवर यादी उघडली. काही नाही. पुन्हा उघडली.

"मास्तर, नाव दिसतंय का बघ."

"दिसतंय, काका."

'ओतूर ऐकतंय'. काकांनी खुर्ची ओढून बसून घेतलं. मी पाणी दिलं आणि एवढ्या दिवसांचा प्रश्न विचारला, "कुणी लिहिलंय हे?"

"सुजातानं. माझी पोरगी." पाण्याचा तांब्या त्यांनी तसाच हातात धरला. "लहान व्हती तवा मी मढला आठ-आठ दिस अडकायचो. खांबावरनं घरच्या फोनला लावायचो, हॅलो, ओतूर? मढ बोलतंय. तर ही उचलायची आन म्हनायची, ओतूर ऐकतंय, बोल मढ." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "पुढं तिनं मनानं लगीन केलं. आन मला कळवलं फोनवर, बेंगलोरवरनं. मी फोन ठेवून दिला. तीस वर्सांत चालू लाइन मी कदी तोडली न्हाई, मास्तर. ती एकच तोडली."

काकू गेल्या तेव्हा सुजाता येऊन आठ दिवस राहिली. काका एक शब्द बोलले नाहीत. पुढंमागं कॉम्प्युटर घेतील, त्यावर तरी बोलतील म्हणून तिनं ही डबी बसवली, नाव टाइप केलं आणि गेली.

"दीड वरीस झालं, ती म्हनतीया ऐकतंय," काका म्हणाले. "बोलायचं माझ्याकडं व्हतं."

ते उठून घरात गेले. आले ते खुंटीवरचा हरवलेला फोन घेऊन. मला न विचारता त्यांनी माझ्या क्लासच्या टेलिफोनचं खोकं उघडलं, दोन चिमटे लावले आणि एक लांबलचक नंबर न बघता फिरवला. त्या फोनचा आवाज एवढा मोठा की पलीकडची रिंग मलाही ऐकू येत होती. कुणीतरी उचललं.

"हॅलो, ओतूर? मढ बोलतंय."

पलीकडून काहीच आलं नाही. काका एरवी उठसूट हॅलो म्हणणारे, या वेळी म्हणाले नाहीत. बोलायच्या बाजूवर तळहात ठेवून त्यांनी मला हळूच सांगितलं, "गप हाय." मी उगाच टेबलावरच्या वायरी गोळा करत राहिलो.

मग पलीकडून आवाज आला, "ओतूर ऐकतंय. बोल मढ."

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. शेवटी म्हणाले, "जेवलीस का?"

मी बाहेर पायरीवर येऊन बसलो आणि दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं पाचची बॅच आली. त्यांना म्हटलं, आज क्लास नाही, मढ बोलतंय.