देवूदादांचे पाच सेकंद

वेळ सर्वांना सारखीच मिळते असे मानणाऱ्यांनी बास्केटबॉलच्या पंचाला मोजताना पाहिलेले नसते.

रेषेबाहेरून चेंडू पाच सेकंदांत आत टाकायचा, नाहीतर तो समोरच्या संघाला मिळतो. हे सेकंद पंच हात हलवत मनात मोजतो. चिंचणीच्या पंच देवूदादांची उमेदीची वर्षे बंदरावर मासळीचा लिलाव पुकारण्यात गेली होती. तिथे 'दोन' आणि 'तीन' यांच्यामध्ये गिऱ्हाइकाला विचार करायला सवड द्यावी लागते, आणि गिऱ्हाईक पाहून ती कमीजास्त करावी लागते. हीच माणुसकी त्यांनी मैदानावर आणली. स्पर्धा समितीच्या पाहणीनुसार त्यांचे पाच सेकंद चिंचणीसाठी सरासरी नऊ, बोईसरच्या बक्षीस देणाऱ्या कारखान्याच्या संघासाठी अकरा आणि डोंगराकडच्यांसाठी साडेतीन भरत. (पंचांना बोंबलाचे जेवण देणाऱ्या संघाचे सेकंद मोजता आले नाहीत; पाहणी करणारेही जेवत होते.) समितीला यात दोष दिसला नाही. दरवर्षी हेच आकडे येत असल्याने मोजणीत सातत्य होते.

यंदा मुलींच्या अंतिम सामन्यात चिंचणीकडून देवूदादांची भाची हिमानी होती आणि समोर डोंगरपाड्याच्या मुली. जिंकेल तो संघ जिल्ह्याला जाणार होता. डोंगरपाड्याचा चेंडू दोनदा काढून घेतल्यावर त्यांची कर्णधार बुधी देवूदादांपुढे येऊन उभी राहिली.

"सर, आमाला जादा नको. त्यांला मोजता तसंच आमाला मोजा. गेल्या साली पन आमी असंच घरी गेलो."

देवूदादांना आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली. लाज वाटलेला पंच फार घातक असतो.

खेळाचे शेवटचे काही क्षण उरले होते. चिंचणी एका गुणाने पुढे, चेंडू हिमानीच्या हातात. देवूदादांनी एक ते पाच सरळ मोजले आणि शिट्टी फुंकली. हिमानी अजून सावकाश केस बांधत होती.

"मामा, इतक्यात झाले पन?"

"झाले, पोरी. पाच एवढेच असतात."

बुधीने मिळालेल्या चेंडूचे सोने केले आणि डोंगरपाडा जिंकला.

दोन्हीकडून तक्रारी आल्या. चिंचणीचे म्हणणे, मोजणी अचानक कमी केली. डोंगरपाड्याच्या प्रशिक्षकांचे म्हणणे, मागची भरपाई धरून आम्हाला नऊ मिळायला हवे होते. समितीने निकाल कायम ठेवला आणि सातत्य मोडल्याबद्दल देवूदादांना काढून टाकले.

पंचाची जागा तेव्हापासून रिकामी आहे. पुन्हा तक्रारी नकोत म्हणून समितीची अट एकच: आपले मूल खेळत असतानाही अर्जदाराचे पाच सेकंद पाचच भरले पाहिजेत. वाचकहो, आपल्याला जमेल का, ते पाच सेकंदांत सांगा. सेकंद आपणच मोजायचे आहेत.