पाहुण्याच्या नजरेतून कार्यालय

संग्रहालयात पाट्या लिहिणाऱ्याला यंदा खात्रीच होती की आपली नोकरी कायम होणार. सहा वर्षं तो हंगामी होता आणि सासूबाई ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येकाला न चुकता सांगत. संचालकांनी शब्द दिला होता, नव्या दालनाच्या पाट्या जमल्या की कायम. दालनाचा विषय होता, परग्रहावरून कोणी आलंच तर तो इथल्या जीवांचे वर्ग कसे पाडेल?

"एकदम सोपं," त्याने बायकोला सांगितलं. "त्याला आपली हाडं, रक्त काय कळणार? कोण कोणासाठी राबतं, एवढंच तो बघेल. दोनच वर्ग. मालक आणि सेवक."

हे बोलताना तो बायकोने सांगितलेले कपडे वाळत घालत होता.

सराव म्हणून त्याने दिवसभर आपल्याच कार्यालयावर नजर ठेवली. खिडकीतल्या कुंडीतल्या रोपासाठी माणसं पाच वेळा उठली. कोणी पाणी घातलं, कोणी ऊन लागतं म्हणून पडदा ओढला, कोणी तो पुन्हा सरकवला. रोप मालक! झेरॉक्स मशीनला सगळे कागद भरवत होते, ते रुसलं की थोपटत होते. तेही मालक. शिपाईमामा खुर्चीतून हलले नाहीत, चहासुद्धा त्यांच्यापाशी चालत आला. तो आणून दिला संचालकांनी. शास्त्रापुढे भीडभाड कसली? त्याने प्रत्येकाचं कार्ड लिहिलं, ते कुठे लावायचं हे सवयीने मागे टाकलं आणि शाई वाळायला सगळी कार्डं टेबलावर पसरून घरी गेला.

शिपाईमामांची तीस वर्षांची शिस्त होती. टेबलावरचं तयार कार्ड, मागे लिहिलेल्या जागी, सकाळी दार उघडायच्या आत चिकटवायचं. त्यांनी ती पाळली. स्वतःच्या खुर्चीवरच्या कार्डाला तर डिंकही जास्त लावला.

त्याच सकाळी संग्रहालयाच्या समितीच्या अध्यक्षबाई पाहणीला आल्या. रोपापाशी त्या हसल्या, मशीनपाशी मोठ्याने हसल्या आणि संचालकांच्या दारावरचं कार्ड त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"सेवक. सर्वांत खालचा वर्ग. कोणी न बोलावताही धावतो."

पाट्या लिहिणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. संचालक लाल झाले.

"कोणाचं निरीक्षण हे?" बाईंनी विचारलं.

"परग्रहावरच्या पाहुण्याचं," तो कसाबसा म्हणाला.

बाई जाम खूश झाल्या. आता वेगळं दालन नको, हे कार्यालयच आहे तसं लोकांना दाखवा, असं त्यांनी सांगून टाकलं. शिवाय या हुशार माणसाला आजच्या आज कायम करा, असंही बजावलं. संचालक मान डोलावत राहिले.

दुपारी त्यांनी त्याला आत बोलावलं आणि पत्र हातात ठेवलं. "पाट्या आता झाल्याच आहेत," ते खिडकीतल्या कुंडीकडे बघत शांतपणे म्हणाले. "पण मालकाची सेवा माझ्यासारख्या खालच्या वर्गातल्याने करणं बरं दिसत नाही. तिथे कायमचा माणूस हवा."

संध्याकाळी त्याने घरी पाऊल टाकताच सांगितलं, आपण कायम झालो. सासूबाईंना आधी खरंच वाटेना. बायकोच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं.

"अगंबाई! कोणाच्या हाताखाली?" तिने विचारलं.

"आहेत एक," तो बूट काढत म्हणाला. "खिडकीत बसतात."