डाव्या भोकातला पाऊस

टँकर तुम्ही बंद केलात, साहेब. सही तुमची, शिक्का तुमचा, आणि कारणाच्या रकान्यातले "सलग सहा दिवस संततधार पाऊस" हे शब्दही तुमचेच. महिना मे. गाव चुडाव्यापासून चार किलोमीटर. आकाशात ढग : निरंक.

आता माझा गुन्हा सांगतो. ग्रामपंचायतीतलं हवामान-यंत्र मी बसवलं; त्याचे आकडे रोज आपोआप तुमच्या कार्यालयात जातात. मोबाईलवर बघून बघून शिकलेला माणूस मी. फुकटातली लिनक्स प्रणाली संगणकात टाकली आणि गावभर छाती काढून हिंडलो. संगणकाला दोन यूएसबी वायरी : एक तापमापकाची, एक पर्जन्यमापकाची. ही प्रणाली वायरीला तू कोण म्हणून विचारत नाही. जी आधी जागी होते तिचं नाव शून्य, मागून येते तिचं एक. मी लिहून टाकलं, शून्य म्हणजे तापमान, एक म्हणजे पाऊस. त्या दिवशी ते खरंही होतं. मग लाईट गेली, लाईट आली, आणि पर्जन्यमापक आधी जागा झाला.

तेव्हापासून गावात रोज चव्वेचाळीस मिलिमीटर पाऊस आणि शून्य अंश तापमान. पहिल्या दिवशी आकडा बघून मी स्वतः छत्री घेऊन बाहेर पडलो, हे इथेच कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी थंडीच्या लाटेची मदत म्हणून चाळीस ब्लँकेटं आली. ती मात्र वेळेत आली. सातव्या दिवशी टँकर थांबला. पूरग्रस्त गावाला टँकर अनुज्ञेय नाही.

शेजारच्या बायनाबाई दारात उभ्या. घरात सून बाळंतीण, रांजणाला तळ दिसायला लागलेला.

"लिंबाजी, पाऊस कुटं पडायलाय तेवढं दाखीव. घागर घिऊन येते."

"काकू, पाऊस नाही. वायरींच्या नावांची अदलाबदल झालीय."

"मंग नाव ठिव की नीट! बारा दिसात लेकराचं ठिवतो आमी. तुह्याच्यानं दोन वायरींचं होईना?"

होणार होतं. वायरीच्या पोटात कारखान्याचा क्रमांक असतो. तो ओळखून कायमचं नाव देणारा नियम एका ओळीत लिहिता येतो. पण मी शहाण्यानं दोन्ही वायरी स्वस्तातल्या घेतलेल्या. दोघींच्या पोटात एकच क्रमांक. शेवटी संगणकाच्या ज्या भोकात वायर खुपसायची, त्या भोकावर नियम लिहिला : डाव्या भोकात असेल तो पाऊस, उजव्यात तापमान. चार वेळा मेन स्विच बंद-चालू केला, नावं हलली नाहीत. पाऊस शून्य, तापमान चव्वेचाळीस.

नाचत तुमच्या कार्यालयात आलो. तुमचे कारकून योगीराजभाऊ चष्म्यावरून बघत म्हणाले, "नाव परस्पर बदललं? नमुना भरला का?"

नमुना भरला. जुनं नाव, नवं नाव, वडिलांचं नाव. तिथं "लागू नाही" लिहिलं, अर्ज परत आला. मग मी कारखान्याचं नाव लिहिलं. अर्ज मंजूर.

"भाऊ, आता टँकर?"

"एका दिवसात पाऊस चव्वेचाळीसवरून शून्यावर? लय संशयास्पद हाय हे, लिंबाजीराव. पंचनामा लागतो."

"आवो, खिडकीतून भाईर बघा की! ऊन हाय ऊन!"

"खिडकी रेकॉर्डला न्हाई."

पंचनामा झाला. गावात पूर आढळला नाही. शेरा पडला : "पूर ओसरला." टँकर मात्र महिन्याच्या सरासरीवर मिळतो, आणि आमची सरासरी आता चेरापुंजीला लाजवते.

बायनाबाई चुडाव्याच्या स्टेशनवरून पाणी आणायल्यात, जाऊन-येऊन आठ किलोमीटर. सरकारी ब्लँकेट फाडून त्यांनी डोक्याला चुंबळ केलीय.

वाचणाऱ्यांनो, तुम्ही हसू नका. आज सकाळी ऊन किती ते तुम्ही अंगणात जाऊन बघितलंत की मोबाईलात? छत्री घेऊन निघालेला मी एकटाच नसणार.

आणि साहेब, परवा बारसं आहे. पाहुण्यांना प्यायला पाणी कुठल्या भोकातून द्यायचं? लेखी उत्तर द्या. पण लिहिण्याआधी एकदा खिडकी उघडा.