पोटात की पेठेत?

आमच्या शेजारचे उत्तममामा फोनशी खासगी बोलायचं झालं की आधी त्यावर रुमाल टाकतात. खिशातला नव्हे, चांगला खांद्यावर टाकायचा लाल चौकड्यांचा रुमाल. मग त्याखाली हात घालून, डोळे बारीक करून हळूच विचारतात, "मुन्शीजी, हायेत का?"

मुन्शीजी म्हणजे फोनमधला तो सल्लागार, काहीही विचारलं तरी उत्तर देणारा. मामांच्या मुलानं पुण्याहून येऊन तो फोनमध्ये घालून दिला, शिकवण्याचं काम माझ्या गळ्यात टाकलं आणि निघून गेला; तेव्हापासून मामा मला मास्तर म्हणतात. त्याचं मूळ नाव मामांनी एकदा ऐकलं आणि जागीच नामंजूर केलं. सल्ला देणाऱ्याला आब असलेलं नाव पाहिजे, म्हणाले. राम राम घातल्याशिवाय ते त्याला काही विचारत नाहीत आणि उत्तर मिळालं की "मेहरबानी" म्हणतात. घरात माणसं दोन आणि फोन एक. सकाळी त्यावर मामांचे मुन्शीजी, दुपारी सुमनमामींची भारुडं.

रुमालाचं मूळ मामांच्या धंद्यात आहे. सिडकोतल्या या फ्लॅटमध्ये येण्याआधी सगळी उमर त्यांनी सिल्लोडकडच्या बैलबाजारांत दलाली केली. तिथं भाव तोंडानं बोलायचा नसतो. रुमालाखाली हात धरायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती गर्दी उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. तेव्हा रुमालाखालची गोष्ट बाहेर जात नाही, हा मामांचा पक्का अनुभव. फोनला तो लागू पडत नाही, हे मी सांगून पाहिलं. "तुमी शिकलेले लोक उघड्यावर बोलता, म्हनून तुमचं समदं फुटतं," असं उत्तर मिळालं.

कुणी काही सांगायला आलं की त्यांचा पहिला सवाल ठरलेला: "पोटात ठिवायचं की पेठेत?" पेठेत म्हटलं तर संध्याकाळपर्यंत गोष्ट कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही तोंडपाठ. पोटात म्हटलं की विषय संपला. आमच्या बिल्डिंगमधल्या सासवा आणि सुना दोन्ही पक्ष मामांकडेच गाऱ्हाणी घेऊन येतात, आणि एकीचं दुसरीला आजवर कळलेलं नाही.

म्हणूनच मुन्शीजींनी दगा दिला तेव्हा मामांना फार लागलं. "घरात लई उकडतंय, मोकळी हवा कुठं मिळंल?" असं त्यांनी सहज विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी फोन उघडला तर बिडकीनजवळच्या प्लॉटांच्या जाहिराती. गुडघ्याचं विचारलं तर तेलं, पट्टे आणि घरात बसवायचं चालण्याचं यंत्र. मामा फोन आणि रुमाल दोन्ही घेऊन माझ्या दारात हजर.

"मास्तर, ह्यो मुन्शी नेमका कुनाचा मानूस हाय?"

मी समजावलं, "मामा, फुकट आहे ना तो! तुम्ही काय विचारता त्यावरून जाहिराती दाखवतात, त्यावर त्यांचं चालतं."

"म्हंजी सल्ला बी ह्योच देनार आन् दुकानदार बी ह्योच धाडनार? आरं, दलाल आमी बी होतो. पन कुनी इस्वासानं पोटातलं सांगितलं आन् आमी ते पेठेत इकलं, तर बाजारात पाय ठिवू दिला नसता लोकांनी."

"मग वापरू नका."

"आसं कसं? सल्ला बरोबर देतो बेटा!"

पुढं एकदम काय झालं कुणास ठाऊक, रुमाल गायब झाला. मामा गॅलरीत उभे राहून सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागले. "मुन्शीजी, मुऱ्हा म्हैस घ्यावी म्हनतो. तिसऱ्या मजल्यावर चढंल का?" मग नवरदेवाची शेरवानी झाली, डोंगर चढायचे बूट झाले, बोटीचं इंजिन झालं. म्हशीच्या धास्तीनं सोसायटीचे सेक्रेटरी धापा टाकत वर आले. "उत्तमराव, इथं जनावर पाळायला मनाई आहे." मामा शांतपणे म्हणाले, "लिफ्ट कवाची बंद हाय. म्हैस येनार कशानं?" सेक्रेटरी खाली गेले आणि दुसऱ्याच दिवशी लिफ्ट सुरू झाली, एवढा एक फायदा सगळ्यांना झाला.

लोक म्हणू लागले, म्हातारा कामातून गेला. मी हसत होतो, पण मनातून मलाही काळजी वाटत होती. एका संध्याकाळी त्यांना खालच्या बाकावर गाठून मी सरळ विचारलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"पोटात ठिवशील?"

"ठेवतो."

"तुझी मामी इसरायला लागलीय. दूध गॅसवर ठिवती, इसरती. परवा म्हनली, अक्काला फोन लावा. तिची थोरली भन ती, जाऊन किती वर्सं झाली रे."

स्वतःच्या गुडघ्याचं निमित्त करून मामांनी मामींना डॉक्टरांकडे नेलं होतं. गोळ्या ताकदीच्या म्हणून देत होते. पण डॉक्टरांना विचारायची हिंमत झाली नाही तो प्रश्न त्यांनी घरी येऊन मुन्शीजींना विचारला होता: ती पुढं मला वळखंल का? आणि दुसऱ्या दुपारी मामी भारूड ऐकायला बसल्या, तर आधी जाहिरात आली, घरातलं माणूस विसरायला लागलंय का? मामांनी झडप घालून फोन घेतला आणि रेंज गेली म्हणून सांगितलं.

"तिला कळलं तर खचंल. म्हनून ह्यो गलका. बाजारात येकाच बैलाकडं बघत ऱ्हायलं की मालक वळखतो, गड्याला ह्योच पायजे. मग धा जनावराचे दात बघत फिरायचं. उत्तमरावाचा जीव कशात हाय, ते मुन्शीला कळू द्यायचं नाय."

फोन घेऊन जाहिरातींचं जेवढं बंद करता आलं तेवढं मी बंद केलं. मामांचा त्यावर विश्वास नव्हता. गॅलरीतला गलका चालूच राहिला.

परवा मामा भाजी आणायला गेले होते, तेव्हा मामींनी मला आत बोलावलं. दार लोटून घेतलं.

"येक सांगू का? ह्यांना कळू देऊ नको. ती इसरायची जाहिरात मी बघितलीय. ह्यांनी फोन हिसकायच्या आधीच वाचून झाली व्हती." आणि तोंडाला पदर लावून त्या हसल्या. "मला ठावं हाय रे मी इसरते. पन मला कळलंय म्हनलं की हे गप व्हतील. जन्मभर ह्या मानसानं लोकांचं पोटात ठिवलं, आन् घरात बी तोंड उघडलं नाय. आता सकाळपासून म्हैस काय, बोट काय! ऐकत बसते मी. बोलू दे की त्यांना."

मी मान डोलावली. मामींनी उठून खिडकीचा पडदा सारखा केला. मग माझ्याकडे वळून जरा घाबरून म्हणाल्या, "हे तुला आधी सांगितलं का रे मी?"

"नाही मामी. सांगा की."

त्यांचा चेहरा खुलला. दार लोटलेलं आहे ना, ते पुन्हा एकदा बघून आल्या, जवळ बसल्या आणि पहिल्यापासून सांगू लागल्या. हसायची जागा आली तेव्हा तोंडाला पदर लावून तशाच हसल्या, आणि मीही हसलो.