आमचं जलसमाधी आंदोलन

कांताला मीच चालती करणार, असं मी चंद्रपूरच्या दवाखान्यात छाती पुढे काढून सांगून आलो होतो. आयुष्यभर कोळशाच्या खाणीत अंधारात, उतारावर, चिखलात चाललेला माणूस मी. चालण्यातलं मला कोण काय शिकवणार?

झालं असं, की कांता, माझी बायको, न्हाणीत घसरून पडली. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण धीर काही जुळेना. भिंत धरल्याशिवाय ती पाऊल टाकत नव्हती. शेजारच्या हाजराभाभीकडे दिवसातून चार चकरा मारणारी बाई, आता खिडकीतूनच तिच्याशी बोलायची. रात्री मला म्हणायची, "आता मी अशीच राह्यली समजा." ते ऐकवत नसे.

व्यायाम शिकवणाऱ्या हर्षा मॅडम म्हणाल्या, "कमरेएवढ्या पाण्यात चालवा त्यांना. पाणी वजन पेलतं, पडायची भीती जाते, तोल परत येतो."

पोहण्याचा तलाव चंद्रपुरात. रोज कोण जाणार? पण आमच्या माजरीपासून थोडं आड एका गावाला चांगला मोठा तलाव आहे. काठ उथळ, तळ वाळूचा, पलीकडे पाणी अडवणारी भिंत आणि तिच्याखाली धानाची शेतं. हाजराभाभीच्या नवऱ्याचा, मुजफ्फरचा ऑटो होताच. एका दुपारी त्यानं आम्हाला काठावर नेऊन सोडलं आणि तो ऑटोत आडवा झाला.

मी कांताचे दोन्ही हात धरून उलटा चालत पाण्यात शिरलो. ती वाघाच्या पिंजऱ्यात शिरावं तशी आत आली.

"सोडू नका जी मले."

"नाई सोडत. गुडघा उचल. आधी टाच, मंग बोटं."

तेवढ्यात रस्त्यानं लटारूभाऊ सायकलवर आले. पूर्वी ग्रामपंचायतीत मेंबर होते. थांबले आणि मुजफ्फरला विचारू लागले, "हे दोघं काय करून राह्यले पान्यात?"

मुजफ्फर अर्धवट झोपेत होता. "डॉक्टरपायी उतरले, भाऊ. डॉक्टर बोलल्याशिवाय बाहर येनार नाईत म्हन्ते."

आता त्या गावाच्या दवाखान्यात पावसाळ्यापासून डॉक्टर नव्हता. लटारूभाऊंनी सायकल झाडाला लावली, पायजमा गुडघ्यावर घेतला आणि थेट माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "बाहेरगावचे असून आमच्यासाठी उतरले तुमी. आमी काय काठावर पाह्यत राहू?"

मला वाटलं, म्हाताऱ्याचेही गुडघे दुखत असतील. म्हटलं, "या न. चांगलंच हाये. पाय असे उचला."

ते पाय उचलू लागले. मग शेतावरून परतणाऱ्या इंदुताई आल्या, त्यांच्या मागे बचत गटाच्या बाया आल्या. बघता बघता अर्धा गाव पाण्यात! मी भलताच खूश. एवढे लोक आपलं ऐकतात म्हटल्यावर माझा आवाज चढला. "टाच! बोटं!" मी ओरडायचो आणि सगळी रांग गुडघे उचलायची. मधेच कोणीतरी "झालाच पाहिजे" म्हणालं. मला वाटलं, व्यायामाबद्दलच बोलतंय.

पोरांनी मोबाइलवर व्हिडिओ काढून, खाली 'जलसमाधी आंदोलन' असं लिहून सगळीकडे पाठवले, हे मला नंतर कळलं. थोड्या वेळानं जीप आली. नायब तहसीलदार उतरले, मागून दोन पोलीस. साहेबांनी काठावरून हात जोडले.

"कृपा करून बाहेर या. तुमचा पुढारी कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"तुमची मागणी काय?"

"मागनी?" मी गोंधळलो. "हिनं भिंत सोडावी, येवढीच."

साहेबांचा चेहरा उतरला. तलावाच्या भिंतीकडे बघत ते म्हणाले, "भिंत सोडायची भाषा करू नका. खाली धान उभं आहे लोकांचं."

"धानाचं काय? बाकी काई धरलं तर चालते, भिंत सुटाले पाह्यजे," मी म्हणालो.

पोलिसांनी बूट काढायला सुरुवात केली.

ते बघताच कांताचा चेहरा बदलला. तिनं माझे हात झटकले आणि पाणी कापत निघाली. पाण्यातून काठावर, काठावरून चढ चढून थेट साहेबांपुढे. साडीतून पाणी ठिबकत होतं, पण पदर कमरेला घट्ट खोचलेला.

"साहेब, त्याहिले हात लावू नका. त्याहिची काई मागनी नाई. मी पडली होती. मले आधाराशिवाय चालता येत नाई, म्हून आनलं त्याहिनं मले इथी."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग तळ्याकडे. "बाई, तुम्ही तर आत्ता चालत आलात."

कांता खाली आपल्या पायांकडे बघतच राहिली. मग हळूच एक पाऊल टाकलं. मग आणखी एक. इंदुताईंनी पाण्यातूनच टाळी वाजवली.

हे मला नीट बघता आलं नाही, कारण तिनं हात झटकले तेव्हा माझाच तोल गेला होता. बुडून, तळाला टेकून मी वर आलो तेव्हा लटारूभाऊंनी माझी कॉलर धरलेली.

सगळ्यांचा गैरसमज दूर झाला. तरी कोणी बाहेर येईना. लटारूभाऊ म्हणाले, "बाईचं झालं. आमच्या डॉक्टरचं काय?"

साहेबांनी तिथेच उभं राहून बरेच फोन लावले. अंधार पडायच्या आत ठरलं, की नवीन नेमणूक होईपर्यंत आठवड्यातून दोनदा डॉक्टर येईल. आणि तो यायलाही लागला.

दुसऱ्या दुपारी मी टॉवेल खांद्यावर टाकून तयार बसलो. ऑटोत हाजराभाभी आधीच बसलेली. कांता दारातून सावकाश चालत गेली, बसली आणि मला म्हणाली, "तुमी नका येऊ जी. इंदुताईच्या बाया येऊन राह्यल्या, आमी आमी जातो."

"अन् शिकवन कोन?"

"येते आता आमाले. अन् तुमी लय बोलता पान्यात."

ऑटो गेला. मी टॉवेल दोरीवर टाकला आणि तिनं सांगून ठेवलेली मेथी निवडायला बसलो.