बोकील सरांचं चौथं निदान

गुरुवारच्या आरटीओ पासिंगला पाच दिवस राहिले असताना बोकील सरांच्या मोटारसायकलचा हॉर्न गेला. गेला म्हणजे एकदम गेला नाही. शनिवारी सकाळी तो नेहमीसारखा वाजला, दुपारी घसा बसल्यासारखा वाजला आणि संध्याकाळी सरांनी गेटपाशी बटण दाबलं तेव्हा नुसता 'टक' असा आवाज आला. पाठोपाठ इंडिकेटर बंद पडले आणि ब्रेकलाईटनेही मान टाकली. इंजिन मात्र ठणठणीत होतं. या जुन्या गाड्यांचं तसंच असतं, बॅटरी मेली तरी किक मारली की चालू होतात.

नारायण बोकील म्हणजे राहुरीच्या एका शाळेत एकतीस वर्षं दहावीला विज्ञान शिकवून निवृत्त झालेले आणि आता सावेडीत राहून कॉलनीला शिकवणारे गृहस्थ. मोटारसायकल पंच्याण्णव सालची. तिच्यावरून त्यांनी रोज सावेडी ते राहुरी जाऊन-येऊन नोकरी काढली, त्यामुळे ती गाडी आपली निम्मी पेन्शन आहे असं त्यांना वाटे. बँकेतून निवृत्त झालेल्या विजयाबाईंना ती पोर्चमधली अडगळ वाटे.

"हे बघा," विजयाबाईंनी गेल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं, "गुरुवारी पास झाली तर राहू दे. नाही झाली तर तिथूनच स्क्रॅपला. घरी परत आणायची नाही."

सरांनी हसत हसत शब्द दिला होता, कारण तेव्हा गाडीत खोट काढायला जागा नव्हती. त्यातून शेजारच्या भागवतने सल्ला दिला होता. भागवतचा टेम्पो आहे, त्यामुळे पासिंगच्या बाबतीत कॉलनीत त्याचा शब्द शेवटचा. "सर, पासिंगला गाडी रंगवून न्यायची असती. साहेब आधी गाडीचं तोंड बघतो, मग कागद बघतो." सरांकडे खिडक्यांच्या जाळ्यांना लावून उरलेला काळा ऑइलपेंट होता. त्यांनी गाडीचं एकूण एक सामान सोडवलं, सांगाड्याला कोपऱ्याकोपऱ्यात ब्रश घालून दोन हात दिले आणि सगळं पुन्हा जोडलं. विजयाबाईंनी बघून "जाळीला चाकं लावलीत का?" एवढंच विचारलं. आणि आता ही झळझळीत जाळी मुकी झाली होती.

दुसरा कुणी असता तर गाडी ढकलत मेकॅनिककडे गेला असता. पण जवळचा मेकॅनिक म्हणजे मनमाड रोडवरचा शमशेर, आणि शमशेर सरांचा विद्यार्थी. विद्युतधारेच्या धड्यावर सरांनी त्याला दोनदा नापास केलं होतं. विजेचं दुखणं घेऊन त्याच्या दारात जायचं, त्यापेक्षा पायी गेलेलं बरं, असं सरांचं मत पडलं.

त्यांनी दोनशे पानी वही काढली, पहिल्या पानावर 'उद्देश', 'साहित्य' आणि 'कृती' लिहिलं आणि कपाटातला मीटर काढून पोर्चमध्ये पाट टाकून बसले. बॅटरीवर मीटर लावला. अकरा पूर्णांक सहा व्होल्ट. इंजिन चालू करून रेस केली. चौदाच्या आसपास जायला हवं होतं, पण आकडा अकराच्या घरातून हलेना.

"निदान झालं," सर आत येऊन म्हणाले. "बॅटरीत चार्ज धरून ठेवायची ताकद राहिली नाही."

"वय झालं की होतं तसं," विजयाबाई भाजी निवडत म्हणाल्या.

रविवारी नवी बॅटरी बसली. हॉर्न असा काही वाजला की भागवत बनियनवर बाहेर आला. सरांनी वहीत 'अनुमान' लिहून खाली रेघ मारली. सोमवारी दुपारी हॉर्नला पुन्हा घसा बसला.

"निदान झालं," सर म्हणाले. "बॅटरी निर्दोष होती. तिला कुणी जेवायलाच वाढत नव्हतं. मधला रेग्युलेटर गेलाय. कॉइलमधून येणारा करंट बॅटरीला मानवेल असा करून देतो ना, तो."

"मग जुनी बॅटरी का बदललीत?"

"त्याशिवाय हे कळलं नसतं."

सोमवारी संध्याकाळी नवा रेग्युलेटर आला. जुना जिथे होता तिथेच सरांनी तो दोन बोल्टांनी करकचून आवळला. मीटर लावला. अकरा पूर्णांक नऊ. रेस केली. अकरा पूर्णांक नऊ. सरांनी मीटर हलवून पाहिला, मग त्यातले सेल बदलले, मग तो लावून घरातल्या प्लगची वीज मोजली. ती बरोबर निघाली.

मंगळवारी तिसरं निदान झालं. आता राहिली होती ती वीज तयार करणारी इंजिनातली कॉइल. सरांनी ती काढून पाण्याच्या मोटारी वाइंडिंग करणाऱ्या आसारामकडे नेली. आसारामने ती उलटीसुलटी करून पाहिली.

"सर, ही चांगली हाय की."

"तुला बघून काय कळतं? नवी तार भर."

"तुमी म्हनता तर भरतो. पन चांगली हाय."

बुधवारी संध्याकाळी कॉइल बसली. नवी बॅटरी, नवा रेग्युलेटर, नव्या तारेची कॉइल. आता गाडीत न बदललेलं असं फक्त सर उरले होते. त्यांनी किक मारली आणि मीटर लावला. अकरा पूर्णांक आठ. विजयाबाईंनी दारात येऊन तो आकडा वाचला आणि सरांसाठी चहा टाकला, आणि सरांना तेच जास्त लागलं.

गुरुवारी सकाळी साडेदहाला सर वही काखेत मारून शमशेरच्या गॅरेजात हजर झाले. पासिंगची वेळ दोनची होती.

"या सर, या," शमशेरने हात पुसत स्टूल पुढे केलं. चाळिशी ओलांडलेला, दाढीत पांढरं आलेला शमशेर सरांना बघून अजूनही शर्टाचं वरचं बटण लावत असे. "आज इकडं कसं काय?"

"सहज," सर म्हणाले. "म्हटलं, तुझं काय मत पडतं बघावं."

शमशेरने वही घेतली आणि पहिल्या पानापासून नीट वाचली. "अक्षर लई भारी हाय सर," असं म्हणून त्याने ती परत दिली. मग त्याने सीट उचललं, एक वायर दोन ठिकाणी टेकवून बघितली आणि सीट पुन्हा खाली ठेवलं. एक मिनिटही लागलं नसेल.

"सापडलं?" सरांनी विचारलं.

"व्हय."

"मग सांग."

शमशेरने मान खाली घातली. "न्हाई सांगत सर. तुमीच म्हनायचा, सांगितलेलं उत्तर मधल्या सुट्टीपर्यंत टिकतं आन् शोधलेलं जन्मभर. मला फळ्यापुढं दोन-दोन तास उभा करायचा. तुमच्यामुळंच शिकलो मी. आता तुमाला उत्तर सांगितलं तर मलाच पाप लागंल."

तो चेष्टा करतोय की काय, हे बघायला सरांनी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. तिथे नुसती भक्ती होती. सरांना घाम फुटला.

"अरे, पण दोन वाजता पासिंग आहे."

"हाय की येळ. चला, सुरू करू. करंट कुठून निघतो सर?"

सर नाइलाजाने उठले आणि गाडीपाशी उभे राहिले. "कॉइलमधून."

"मग कुठं जातो?"

"रेग्युलेटरमध्ये. तिथून बॅटरीत."

"आन् मग?"

"मग काय? बॅटरी चार्ज होते."

"मग सर?" शमशेर अगदी हळू आवाजात म्हणाला. सर वर्गात अशा वेळी याच आवाजात बोलत. बाकावर दुधाचे कॅन घेऊन पंक्चर काढून घ्यायला बसलेला बजरंग आता नीट सावरून बसला.

"न्हाई येत वाटतं," बजरंग म्हणाला.

"मधी बोलू नको," शमशेरने त्याला दाबलं. "इचार करू दे त्यांना."

अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. सरांनी फ्यूज तपासला, स्विच तपासला, वायरी एकेक करून बोटांनी चाचपल्या. शमशेर दुसऱ्या गाडीची चेन घालता घालता मधूनच येई, सरांच्या खांद्यावरून डोकावे आणि 'बरोबर चाललंय' म्हणे. कशाला बरोबर म्हणतोय, ते सांगत नसे. सरांना एकतीस वर्षांत पहिल्यांदा फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या मुलांची दया आली. ही मुलं रडायची कशी नाहीत, असंही वाटलं.

साडेअकराला विजयाबाईंचा फोन आला. "गाडीची फाईल घरीच विसरलात. मी रिक्षाने पासिंगच्या मैदानावरच घेऊन येते. येताना आपण दोघं रिक्षानेच येऊ." त्यांच्या आवाजात कसलाही दुष्टपणा नव्हता. गाडी येणारच नाही, हे त्यांनी धरूनच टाकलं होतं. पंच्याण्णव सालापासूनची ती गाडी दुपारी तीन वाजेपर्यंत वजनाच्या काट्यावर चढणार होती.

"शमशेर," सर म्हणाले, "मला येत नाहीये रे."

शमशेर हातातलं काम टाकून आला. "एक इशारा देतो सर. तुमी देत नव्हता, पन मी देतो. करंट गेला तो गेला. माघारी कॉइलकडं कुठून येतो?"

"परतीची वाट लागतेच. सर्किट पूर्ण व्हायला पाहिजे. अर्थिंग म्हणून गाडीचा सांगाडाच वापरतात, सगळं लोखंड..." बोलता बोलता सर थांबले. त्यांची नजर रेग्युलेटरच्या पायावर गेली. नवा रेग्युलेटर, दोन बोल्ट, आणि त्याखाली आरशासारखा चकाकणारा, करंट न जाऊ देणारा ऑइलपेंट. दोन हात. कोपऱ्याकोपऱ्यात ब्रश घालून दिलेला.

त्यांनी काही न बोलता पाना घेतला, रेग्युलेटर सोडवला आणि खालचा रंग चाकूने खरवडायला सुरुवात केली. बोल्टांच्या भोकांतलाही रंग काढला. पांढरं लोखंड दिसल्यावर रेग्युलेटर परत आवळला, किक मारली आणि मीटर लावला. चौदा पूर्णांक एक. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी बजरंगशी हात मिळवला.

"किती मार्क?" त्यांनी छाती फुगवून शमशेरला विचारलं.

"पस्तीस."

"पस्तीसच?"

"तीन चांगल्या वस्तू बदलल्या सर. त्याचे कापले." शमशेरने वही उघडून शेवटच्या पानावर तारीख टाकून सही केली. "पन पास हाय."

पासिंगच्या मैदानावर सर पावणेदोनला पोचले. विजयाबाई पंजाबी ड्रेस घालून, फाईल घेऊन, लिंबाच्या सावलीत उभ्या होत्या. सरांनी लांबूनच हॉर्न वाजवला, आणि गरज नसताना दोन्हीकडचे इंडिकेटर दाखवले. विजयाबाईंचा चेहरा जरा बदलला.

साहेब तरुण होता आणि उन्हाने वैतागलेला होता. त्याने नंबर बघितला, हॉर्न वाजवायला लावला, ब्रेक दाबायला लावला, इंडिकेटर बघितले. "जुनी असून चांगली ठेवलीय काका," तो म्हणाला आणि कागदावर खूण केली. "पाच वर्षं मिळतील."

सरांनी विजयाबाईंकडे बघितलं. विजयाबाईंनी आभाळाकडे बघितलं.

"तुमचं लायसन?" साहेबाने जाता जाता विचारलं.

सरांनी ते पाकिटाच्या तळातून काढून ऐटीत पुढे केलं. साहेबाने ते उन्हात धरलं, चष्मा वर केला आणि पुन्हा बघितलं. "काका, हे दोन वर्षांपूर्वीच संपलंय."

"असं कसं?" सर म्हणाले. त्यांनी स्वतः तारीख वाचली. मग मीटरवरचं रीडिंग घ्यावं तशी पुन्हा वाचली. आकडा हलला नाही.

"गाडी फिट आहे," साहेब म्हणाला, "पण तुम्हाला इथून चालवत नेता येणार नाही. रिन्यू करून घ्या. आत्ता न्यायला दुसरं कुणी आहे का, गिअरच्या गाडीचं लायसन असलेलं?"

विजयाबाईंनी पर्स उघडून आपलं लायसन साहेबाच्या हातात दिलं. बँकेतल्या सगळ्यांनी मिळून काढलं तेव्हा त्यांनीही काढलं होतं, गिअरच्या गाडीसकट, आणि वेळच्या वेळी रिन्यू करत आल्या होत्या. फक्त या गाडीची किल्ली त्यांना कधी मिळाली नव्हती. तिचा क्लच समजून घ्यावा लागतो, असं सर म्हणत.

"चालवाल ना मॅडम?"

"बघते," विजयाबाई म्हणाल्या. त्यांनी ओढणीला गाठ मारली, सरांच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून स्वतः घातलं, किल्ली घेतली आणि पहिल्या किकमध्ये गाडी चालू केली. मैदानावर एक फेरी मारून त्या सरांसमोर येऊन थांबल्या.

"बसा मागे."

"अगं, तू तर हिला स्क्रॅपला..." सर चाचरत म्हणाले.

"कशाला? चांगली आहे की. हलकी आहे, माझ्या हाताला बसते."

फाटकातल्या शिपायाकडून एक जुनं हेल्मेट मागून घेऊन सर फाईल पोटाशी धरून मागे बसले. मागे बसल्यावर हात कुठे ठेवायचे, ते त्यांना माहीत नव्हतं.

"क्लच हळू सोड," ते म्हणाले.

"गप्प बसा."

गाडी फाटकाबाहेर येऊन रस्त्याला लागली. सर मागून वाकून म्हणाले, "अगं, घर डावीकडे आहे."

"माहीत आहे," विजयाबाई म्हणाल्या आणि त्यांनी उजवीकडचा इंडिकेटर दिला. तो व्यवस्थित लागला.