कानातला कापूस

सात नंबरच्या खाटेवरच्या शिंप्याचं हर्नियाचं ऑपरेशन दोनदा रद्द झालं होतं. दोन्ही वेळा ब्लडप्रेशर आडवं आलं. शेवटी डॉक्टरांनी निर्वाणीचं सांगितलं, "उद्या दहाला एकशे चाळीसच्या खाली दिसलं नाही, तर घरी जायचं. पुढची तारीख तीन महिन्यांनी. आराम करा."

आता आराम करायचा कुठे? शेजारी आठ नंबरवर इंग्रजीचे रिटायर्ड मास्तर होते.

"पेशंट म्हणजे काय, ठाऊक आहे?" मास्तर म्हणाले. "लॅटिनमध्ये, सोसणारा."

"ते मला लॅटिनशिवाय कळलंय."

"हॉस्पिटल आणि हॉटेल ही भावंडं. दोन्हीच्या मुळाशी पाहुणा."

"पाहुण्याला कुणी एनिमा देत नाही, मास्तर."

"आणि इंग्रज दफनभूमीला सेमेटरी म्हणतात ना, ती मूळ ग्रीकमध्ये झोपायची खोली."

शिंप्याचं प्रेशर एकशे पासष्ट झालं.

"मास्तर, त्यांना जरा बरं होऊ द्या," सिस्टर म्हणाली.

"बरं करणं म्हणजे हील. हील आणि होल, म्हणजे अख्खं, एकाच मुळाचे. बरं करायचं म्हणजे माणूस परत अख्खा करायचा." हे सांगताना मास्तरांचा हात पोटावर होता. त्यांच्या जठरात गाठ होती, पाण्याचा घोटही टिकत नव्हता, सगळं सलाइनवर चाललं होतं. त्यांचं ऑपरेशन परवा होतं.

सिस्टरनं शिंप्याला कापसाचे दोन बोळे दिले. शिंपी कानात बोळे घालून गाढ झोपला. सकाळी सहाला सिस्टर दारातूनच ओरडली, "सात नंबर, काही खायचं-प्यायचं नाही." सात नंबर ढिम्म. सातला चहाची गाडी आली आणि शिंप्यानं चहा घेतला, त्यात चार बिस्किटंही बुडवली. दहाला प्रेशर निघालं एकशे तीस. डॉक्टर खूश झाले. तेवढ्यात त्यांना उशाशी बिस्किटाचा कागद दिसला.

डॉक्टर जे बोलले ते कापसातूनही ऐकू आलं. शिंप्यानं बोळे काढून उशाशी ठेवले.

ऑपरेशनची खोली तर तयार होती. पोटात काही नसलेला दुसरा पेशंट कोण, तर मास्तर. उद्याचं आजच उरकायचं ठरलं; प्रेशर उतरलं म्हणून शिंप्याला घरी न धाडता चार दिवसांनंतरची तारीख मिळाली. स्ट्रेचर आलं आणि मास्तर एकदम गप्प झाले.

"टेलर," ते हळूच म्हणाले, "काहीतरी बोला ना."

चहा आपण प्यायलो आणि कापायला यांना नेतायत, एवढंच शिंप्याच्या डोक्यात होतं. तोवर स्ट्रेचर गेलंही.

वॉर्ड शांत झाला. शिंप्याचं प्रेशर एकशे सत्तर.

"आता काय झालं? आता तर कुणी बोलत नाहीये," सिस्टर वैतागली.

"म्हणून तर."

संध्याकाळी मास्तरांची बायको त्यांचं सामान न्यायला आली. शिंप्यानं विचारलं, "वहिनी, मास्तर घरीही एवढे बोलतात?"

"छे हो. घरी दिवसाला चार वाक्यं. घाबरले की सुरू होतात. थोरलीच्या वेळी बाहेरच्या बाकावर बसून परक्या बायकांना डिलिव्हरी शब्दाचं मूळ सांगत होते."

शिंप्याला फार वाईट वाटलं. त्यानं कापूस खिडकीबाहेर फेकला.

दुसऱ्या दिवशी आयसीयूतून चिठ्ठी आली. मास्तरांच्या नाकात नळी होती, बोलता येत नव्हतं. चिठ्ठीत लिहिलं होतं: "हीलबद्दल सांगितलं ते विसरा. माझं अर्धं जठर काढलं. आता अख्खा होणं नाही."

शिंपी तासभर पेन चावत बसला. मग मागच्या बाजूला लिहिलं: "मास्तर, अख्खं कापड ताग्यातच पडून राहतं. कापल्याशिवाय सदरा होत नाही."

दुपारी मास्तरांची बायको तणतणत आली. "काय लिहिलंत त्यांना? हसले. टाके ताणले. डॉक्टर माझ्यावर ओरडले." मग ती आठ नंबरच्या रिकाम्या गादीवर बसली. "डॉक्टर म्हणतात, सहा महिने. त्यांना अजून सांगितलं नाहीये."

शिंप्यानं खिशातला रुमाल काढून आठ नंबरच्या उशीवर टाकला.

संध्याकाळी सिस्टर नवा पेशंट घेऊन आली. "हा रुमाल कुणाचा?"

"जागा धरलीय. मास्तर येतायत."

"ही काय एसटी आहे का, टेलरकाका?"

"पाहुण्यांची जागा आहे, सिस्टर. लॅटिनमध्ये."

सिस्टरनं त्याच्याकडे पाहिलं आणि नव्या पेशंटला अकरा नंबरवर नेलं. परत येऊन तिनं शिंप्याच्या दंडाला पट्टा बांधला. प्रेशर एकशे अठ्ठावीस होतं.